जॉन पीटर आल्टगेल्ड
जॉन पीटर आल्टगेल्ड (३० डिसेंबर, इ.स. १८४७ - १२ मार्च, इ.स. १९०२) हे अमेरिकन वकील, न्यायाधीश व डेमोक्रॅटिक पक्षाचे राजकारणी होते. ते इ.स. १८९३ ते इ.स. १८९७ या काळात इलिनॉय राज्याचे गव्हर्नर होते. हेमार्केट खटल्यातील कैद्यांच्या मुक्ततेसाठी ते विशेष ओळखले जातात.

जीवन
आल्टगेल्ड यांचा जन्म आजच्या जर्मनीतील सेल्टर्स येथे झाला. ते तान्हे असतानाच कुटुंब ओहायो राज्यात स्थायिक झाले. अमेरिकन यादवी युद्धात ते सोळाव्या वर्षी उत्तरेच्या सैन्यात भरती झाले. पुढे शिक्षकी करून त्यांनी कायद्याचा अभ्यास केला व मिसूरी राज्यात वकिली सुरू केली. इ.स. १८७५ मध्ये ते शिकागोला आले. इ.स. १८८४ मध्ये तुरुंगव्यवस्थेवर टीका करणारे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. गरिबीमुळे अनेक जण गुन्हेगारीकडे ढकलले जातात आणि शिक्षेने ते सुधारत नाहीत, असे प्रतिपादन त्यात होते. इ.स. १८८६ ते इ.स. १८९१ दरम्यान ते कुक काउंटीच्या सुपीरियर कोर्टाचे न्यायाधीश होते.

हेमार्केट खटला
४ मे, इ.स. १८८६ रोजी शिकागोतील कामगार सभेत बॉम्बस्फोट झाला. बॉम्ब फेकणारा सापडला नाही; तरीही आठ जणांना दोषी ठरवण्यात आले. त्यांपैकी चौघांना फाशी देण्यात आली व एकाने तुरुंगात आत्महत्या केली. उरलेले सॅम्युएल फिल्डन, मायकेल श्वाब व ऑस्कर नीब हे शिक्षा भोगत होते. त्यांना दया दाखवावी, अशी मागणी अनेक प्रतिष्ठित नागरिकही करत होते. २६ जून, इ.स. १८९३ रोजी आल्टगेल्ड यांनी तिघांना मुक्त केले. परंतु त्यासाठी दयेचा आधार घेतला नाही. पूर्वग्रहदूषित ज्यूरी, अपुरा पुरावा व न्यायाधीशांचा पक्षपात यांमुळे खटलाच अन्याय्य होता, असे त्यांनी सविस्तर निवेदनात दाखवून दिले. न्यायव्यवस्थेलाच दोषी ठरवल्यामुळे वृत्तपत्रांनी त्यांना अराजकवाद्यांचे पाठीराखे ठरवले.

गव्हर्नरपदाची कारकीर्द
आल्टगेल्ड यांच्या कार्यकाळात बालमजुरीवर निर्बंध घालणारा कारखाना कायदा संमत झाला. त्यांनी फ्लॉरेन्स केली यांना मुख्य कारखाना निरीक्षक नेमले. इ.स. १८९४ च्या पुलमन संपावेळी राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी राज्याच्या मागणीविना शिकागोत केंद्रीय सैन्य पाठवले. आल्टगेल्ड यांनी त्याचा जाहीर निषेध केला.

अखेरची वर्षे
इ.स. १८९६ च्या निवडणुकीत ते पराभूत झाले. इ.स. १८९९ मध्ये शिकागोच्या महापौरपदाची निवडणूकही त्यांनी गमावली. जोलिएट येथे बोअर लोकांच्या समर्थनार्थ भाषण केल्यानंतर त्यांची प्रकृती बिघडली व तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या विचारांनी प्रभावित झालेले प्रसिद्ध वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी श्रद्धांजलीपर भाषण केले.