गावाचा नकाशा पडद्यावर काळा का दिसतो?

धानोरा, कोरची, कुरखेडा, सिंदेवाही, नागभीड. या भागात वनहक्काच्या दाव्याची फाईल आजही कित्येक घरांच्या पेटीत जपून ठेवलेली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासी नसलेल्या वननिवासींना, म्हणजे आपल्यातल्या अनेक शेतकरी कुटुंबांनाही, १३ डिसेंबर २००५ च्या आधीचे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. शिवाय त्या तारखेला जमीन आपल्या वहिवाटीत होती, हेही दाखवावे लागते. वास्तव्यासाठी जुने कागद आणि वडीलधाऱ्यांची साक्ष. वहिवाटीसाठी मात्र उपग्रहावरून घेतलेले चित्रही जोडता येते. नियम १३ मधील पुराव्यांच्या यादीत त्याचा उल्लेख आहे. ते एकटे पुरत नाही, एकाहून अधिक पुरावे लागतात.

म्हणून घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी जुन्या संगणकावर ‘गूगल अर्थ प्रो’ उघडते. २०१५ पासून हा प्रोग्रॅम मोफत आहे आणि त्यात मागील वर्षांची चित्रे पाहता येतात. पण पडदा काळाच राहतो. कधी पृथ्वीचा गोळा येतो आणि शेताच्या जागी फाटलेले चौकोन दिसतात. दुकानात विचारावे तर उत्तर ठरलेले, “ग्राफिक कार्ड टाका, नाहीतर नवाच घ्या.” रोजमजुरी करणाऱ्या घराला हे उत्तर परवडणारे नाही, आणि बहुतेक वेळा ते खरेही नसते.

आपल्याकडे येणारे संगणक बहुधा कचेऱ्यांतून निघालेले, सेकंडहँड असतात. त्यांत चित्र काढणारे वेगळे कार्ड नसते. पूर्वी ते काम मदरबोर्डवरील चिप करी. इंटेलने २०११ पासून ते प्रोसेसरच्याच चिपमध्ये घातले. या भागाला स्वतःची मेमरी नसते, तो संगणकाच्या रॅममधून उसनी घेतो. म्हणजे रॅम कमी किंवा खराब असेल तर त्रास चित्रात दिसतो. शिवाय एकाच पट्टीऐवजी सारख्या दोन पट्ट्या लावल्या, तर या चित्रभागाला रॅमपर्यंत जाण्याचा रस्ता रुंद होतो. जुनी रॅम कार्डाच्या मानाने स्वस्त मिळते, हे लक्षात ठेवावे.

पैसा काढण्याआधी दोष कुठे आहे ते शोधावे. यासाठी दोन साध्या परीक्षा आम्ही सुचवतो. संगणक सुरू होताना कंपनीचे नाव येते, त्या वेळीही रेषा किंवा डाग दिसतात का? दिसत असतील तर दोष यंत्रात, केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये आहे. नंतर बिघडलेल्या पडद्याचा स्क्रीनशॉट घेऊन तो मोबाईलवर उघडावा. चित्र स्वच्छ असेल तर केबल आणि मॉनिटर तपासा. निळ्या टोकाच्या केबलची एक पिन वाकली तरी पडदा गुलाबी किंवा पिवळा पडतो. स्क्रीनशॉटमध्येही डाग असतील तर दोष संगणकाच्या आत आहे.

आत म्हणजे बहुधा ड्रायव्हर. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्स’ उघडा. तिथे इंटेलऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर’ असे नाव असेल, तर चित्राचा भाग झोपलेला आहे आणि सगळे ओझे प्रोसेसर वाहतो आहे. संगणकाच्या कंपनीच्या किंवा इंटेलच्या ठिकाणाहूनच ड्रायव्हर घ्यावा. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाचे फुकटे प्रोग्रॅम घेऊ नयेत, त्यांच्यासोबत भलतेच काही येते. २०११ च्या एचडी २००० आणि ३००० या चिपांसाठी इंटेलने विंडोज १० चा वेगळा ड्रायव्हर काढलाच नाही. विंडोज अपडेटमधून मिळतो तो जुना. त्यावरच भागवावे लागते, आणि भागते.

ड्रायव्हर ठीक असूनही गूगल अर्थ काळा असेल, तर ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’ उघडा. ‘थ्रीडी व्ह्यू’च्या पानावर ‘ग्राफिक्स मोड’ आहे. चित्र काढण्याच्या दोन पद्धती तिथे दिसतील, ओपनजीएल आणि डायरेक्टएक्स. जी चालू आहे ती सोडून दुसरी निवडा आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. जुन्या इंटेल चिपांचे ओपनजीएल कच्चे असते, त्यामुळे डायरेक्टएक्सवर नेताच नकाशा उघडतो, असे पुष्कळदा घडते. क्रोममध्ये पान फाटून दिसत असेल तर ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टम’मध्ये ग्राफिक्स अ‍ॅक्सलरेशन बंद करावे.

सकाळी ठीक चालतो आणि तासाभराने डाग पडतात, असे असेल तर तो उष्णतेचा दोष समजावा. चंद्रपूरचा उन्हाळा आणि वर कोळशाची धूळ, पंख्याच्या जाळीत तिचा थर बसतो. प्लग काढून, पंखा बोटाने धरून कोरड्या ब्रशने ती काढावी. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलके पुसून पुन्हा बसवाव्यात. मेकॅनिक हेच करतो आणि पैसे घेतो!

काही मर्यादा मात्र खऱ्या आहेत. एचडी ३००० विंडोजवर ओपनजीएल ३.१ च्या पुढे जात नाही. ब्लेंडरच्या चौथ्या आवृत्तीला ४.३ लागते. तिथे सेटिंग बदलून उपयोग नाही. आणि नवे कार्ड आणले तरी कचेरीतल्या अरुंद कॅबिनेटमध्ये ते बहुधा बसत नाही, पॉवर सप्लायही अपुरा पडतो. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही संपला आहे. म्हणून जुन्या यंत्रावर हलके लिनक्स घालून पाहावे. जुन्या इंटेल चिपांचे ड्रायव्हर त्यात आधीच असतात. क्यूजीआयएस हा मोफत नकाशाचा प्रोग्रॅम सपाट नकाशा प्रोसेसरकडूनच काढून घेतो, त्यामुळे चित्राची चिप दुबळी असली तरी शेताच्या सीमा आखता येतात.

नकाशा उघडला की घड्याळाच्या चिन्हावर टिचकी मारून पट्टी २००५ च्या आसपास न्यावी. त्या वर्षाचे स्वच्छ चित्र प्रत्येक गावाचे मिळेलच असे नाही, जवळचे पाहावे. चित्राची तारीख आणि अक्षांश-रेखांश खालच्या पट्टीत दिसतात. ते दोन्ही वहीत टिपून घ्यावे आणि मगच चित्र जतन करून छापायला द्यावे.