परक्या देशाची पाटी आणि आपला पूर्वपक्ष



'मॉडेल युनायटेड नेशन्स', म्हणजे मुलांच्या तोंडची 'एमयूएन', ही आपल्या उपनगरांना आता नवीन राहिलेली नाही. पवईच्या आयआयटीत ती भरते, शाळा-कॉलेजांतून भरते, आणि बोरिवली-मुलुंडची मुलं उन्हाळ्यात कोट सांभाळत लोकलच्या गर्दीतून तिकडे जाताना दिसतात. प्रत्येकाला एक देश मिळतो, एक समिती, एक विषय. दोन-तीन दिवस त्या देशाचे प्रतिनिधी म्हणून बोलायचं, आणि शेवटी ठराव लिहून त्यावर मतदान घ्यायचं.

पालक आम्हाला विचारतात, "सर, भाषण कोण लिहून देईल?" ही वक्तृत्व स्पर्धेची सवय. पाठांतर, आवाजाचा चढउतार, शेवटी टाळीचं वाक्य. इथे भाषणाला मिळतो जेमतेम दीड मिनिट. बाकीचा वेळ ऐकण्यात, खुर्च्या सोडून एकमेकांना पटवण्यात आणि कागदावर शब्द खोडण्यात जातो. तेव्हा तयारी करायची ती त्याची.

पहिली अडचण अशी की देश आपला नसतो. आमच्या परिचयातल्या घाटकोपरच्या एका मुलीच्या वाट्याला पाकिस्तान आला, विषय काश्मीर. आजोबा कडाडले, "आपल्या घरातून त्यांची बाजू? देश बदलून माग!" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, बरं का. जे पटत नाही ते पटवून सांगणं हा खोटेपणा नाही काय? आज हे शिकलेलं मूल उद्या कशाचीही वकिली करेल, ही भीती रास्तच आहे.

आपल्या परंपरेत याचा विचार फार पूर्वी झालेला आहे. शास्त्रग्रंथात आधी पूर्वपक्ष येतो, मग सिद्धान्त. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात सांख्यांचं मत खोडतात, पण त्याआधी ते इतकं नीट मांडतात की वाचणाऱ्याला क्षणभर वाटावं, अरे, हे बरोबरच आहे की! गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी तो वाद. जिंकण्यासाठी तो जल्प, त्यात छलही चालतो. आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं पाडत बसणं ही वितंडा. मराठीत आपण 'वाद' म्हणजे भांडण करून टाकलं आणि 'वितंडवाद' तेवढा जिवंत ठेवला, हे आपल्या स्वभावाला धरूनच झालं म्हणायचं.

एमयूएन जल्पाकडे झुकते हे खरं. 'बेस्ट डेलिगेट'चं बक्षीस असतं ना! पण तिथे 'मी' हा शब्द वर्ज्य असतो. मूल स्वतःला 'अमुक देशाचा प्रतिनिधी' म्हणवतं. दालनातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की हे त्याचं स्वतःचं मत नव्हे. जिथे कुणाची फसवणूक होत नाही तिथे खोटं बोलणं होत नाही. खोटा आकडा दिला तर मात्र फसवणूक झाली, मग पाटी कोणत्याही देशाची असो. सीमारेषा ही इथे आहे, आणि शिक्षकांनी ती पहिल्याच दिवशी आखून द्यावी.

त्या मुलीनं देश बदलला नाही. सुरक्षा परिषदेचा 21 एप्रिल 1948 चा ठराव क्रमांक 47 तिनं अथपासून इतिपर्यंत वाचला. पाकिस्तान ज्या ठरावाचा सतत हवाला देतो, त्यातली पहिलीच पायरी लढण्यासाठी आत शिरलेल्या टोळीवाल्यांना आणि पाकिस्तानी नागरिकांना माघारी नेण्याची आहे, आणि त्यासाठी प्रयत्न करायचे ते पाकिस्ताननं. पुढच्या पायऱ्या भारतासाठी आहेत, सैन्य कमी करण्याच्या आणि सार्वमताच्या. त्याही तिनं वाचल्या. आजोबांना यातलं अर्धंही ठाऊक नव्हतं. दुसऱ्याचा पक्ष मनापासून मांडायला घेतला की त्याचा कच्चा सांधा हाताला लागतो, आणि आपलाही लागतो.

आता खऱ्या सभागृहातलं उदाहरण घेऊ. 1946 साली दक्षिण आफ्रिकेनं तिथल्या भारतीयांच्या जमीनमालकीवर बंधनं आणणारा कायदा केला. भारतानं तक्रार संयुक्त राष्ट्रांत नेली. तेव्हा आपण स्वतंत्रसुद्धा नव्हतो. शिष्टमंडळाच्या नेत्या होत्या विजयालक्ष्मी पंडित (माहेर नेहरूंचं, पण सासरचं पंडित घराणं मूळचं कोकणातलं), आणि त्यांच्यासोबत होते आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. सी. छागला. समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान स्मट्स. त्यांचं म्हणणं कच्चं नव्हतं: सनदेच्या कलम 2(7) प्रमाणे देशाच्या अंतर्गत बाबींत संयुक्त राष्ट्रांनी हात घालू नये, शंका असेल तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत घ्यावं. पण गंमत अशी की मानवी हक्कांचा उल्लेख करणाऱ्या सनदेच्या प्रास्ताविकाचा पहिला मसुदा याच स्मट्स यांच्या हातचा! ज्यानं हे वाचलेलं नाही तो स्मट्सना दूषणं देईल. ज्यानं वाचलंय तो त्यांचाच कागद त्यांच्यापुढे सरकवील.

8 डिसेंबर 1946 ला मतदान झालं. बाजूनं 32, विरुद्ध 15, तटस्थ 7. दोन-तृतीयांश बहुमत हवं होतं आणि तटस्थांची मतं हिशेबात धरत नाहीत, म्हणजे 47 पैकी 32. एकच मत इकडचं तिकडे गेलं असतं तर 31 विरुद्ध 16, आणि ठराव पडला असता. आणखी एक बघा. जो मंजूर झाला तो फ्रान्स आणि मेक्सिको यांनी मांडलेला मसुदा होता. त्यात धिक्कार नाही. वागणूक करारांना आणि सनदेला धरून असावी, आणि दोन्ही सरकारांनी पुढच्या अधिवेशनात अहवाल द्यावा, एवढंच. मुलं पहिल्या मसुद्यात 'तीव्र निषेध' लिहितात आणि मग मतं मोजायला बसतात. आधी मतं मोजावीत, मग क्रियापद निवडावं.

एका शब्दाचं मोल सांगायचं तर हंसा मेहता. सांताक्रूझला उतरून तुम्ही जुहूच्या ज्या एसएनडीटी विद्यापीठाच्या आवारात जाता, त्या विद्यापीठाच्या त्या कुलगुरू होत्या. मानवी हक्क आयोगात जाहीरनाम्याचा मसुदा चालू होता आणि पहिल्या कलमात 'ऑल मेन' असं होतं. 'मेन' म्हणजे सगळी माणसं, असा खुलासा अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट यांच्याकडूनही आला. हंसाबाई अडून राहिल्या: उद्या कुणी याचा अर्थ फक्त पुरुष असा लावला तर? 10 डिसेंबर 1948 ला मंजूर झालेल्या जाहीरनाम्यात 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आहे. यासाठी मोठा आवाज लागला नाही. मसुदा ओळीओळीनं वाचावा लागला.

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीची धास्ती वाटते. कामकाज इंग्रजीत असतं, ते टळत नाही. आमचा उपाय साधा आहे. मिळालेल्या देशाचं म्हणणं आधी घरी, आजीला, मराठीत पाच वाक्यांत सांगा. तिला समजलं नाही तर ते तुम्हालाच समजलेलं नाही. 1977 मध्ये परराष्ट्रमंत्री वाजपेयी आमसभेत हिंदीत बोलले. हिंदी काही तिथल्या सहा अधिकृत भाषांपैकी नाही. मराठीत विचार पक्का झाल्यावर ठरावाची इंग्रजी क्रियापदं शिकायला एक दुपार पुरते. 'कॉल्स अपॉन' म्हणजे आवाहन, 'डिप्लोर्स' म्हणजे तीव्र नापसंती, आणि 'डिसाइड्स' सुरक्षा परिषदेनं वापरलं की ते सदस्य देशांवर बंधनकारक. तुमची समिती आमसभेची असेल आणि तुम्ही दुसऱ्या देशांना उद्देशून 'डिसाइड्स' लिहिलंत, तर जाणकार अध्यक्ष तिथेच थांबवील.

तर, मसुदे कुणी सोबत आणले असतील तर ते पुढे द्या, आपण इथेच एकेक वाचू.