आमचा माणूस कधी येणार?

रिडली नावाचा एक राक्षस आहे. जांभळट कातडी, लांबुडकी चोच, वटवाघळाचे पंख आणि टोकाला भाल्यासारखं पातं असलेली शेपटी. १९८६ च्या ‘मेट्रॉइड’ या व्हिडिओ गेममधला हा खलनायक. या राक्षसावरून चांगली शिकलीसवरलेली माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी हुज्जत घालत होती. वादाचा मुद्दा एकच: तो फार मोठा आहे की नाही?

आता राक्षस मोठाच असणार, त्यात बिघडलं कुठे? बिघडलं असं, की या मंडळींना तो ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’मध्ये हवा होता. निन्टेन्डोच्या या मारामारीच्या गेममध्ये वेगवेगळ्या गेममधली पात्रं एकत्र येऊन एकमेकांना बडवतात. मारिओ पिकाचूला ठोसा मारतो, ‘झेल्डा’तला लिंक माकड डाँकी काँगवर तलवार उपसतो. या गेमचे कर्तेकरविते मासाहिरो साकुराई यांचं म्हणणं होतं, की रिडलीला बाकीच्यांच्या मापात बसवायला लहान केलं, तर तो रिडली राहणार नाही. चाहत्यांचं उत्तर तयार होतं. ‘पिकमिन’मधला कॅप्टन ओलिमार २००८ पासून या गेममध्ये लढतोय, आणि त्याची मूळ उंची किती? दोन सेंटिमीटरही नाही! बोटाच्या पेराएवढा माणूस फुगवून मारिओच्या खांद्याला लावता येतो, मग राक्षसाला थोडं आत घ्यायला काय हरकत आहे?

मला या भांडणाचं फार कौतुक वाटतं. एखादं पात्र हवं म्हणून हट्ट धरणं सोपं आहे. पण ते बसणार कसं, त्याचं वजन किती, ते उडणार कसं, याचा हिशेब मांडून हट्ट धरणारे लोक कुठून आले? त्यासाठी हा गेम चालतो कसा ते आधी पाहायला हवं.

‘स्ट्रीट फायटर’ किंवा ‘टेकन’ खेळला असाल, तर पडद्यावर वरच्या बाजूला असलेली ती पट्टी आठवेल. मार बसला की ती कमी होते, संपली की खेळ खलास. स्मॅशमध्ये सगळं उलटं आहे. इथे प्रत्येकाच्या नावापुढे शून्य टक्के लिहिलेलं असतं आणि मार बसेल तसा आकडा वाढत जातो. आकडा जितका मोठा, तितका पुढचा फटका तुम्हाला लांब भिरकावतो. दहा टक्क्यांवर ज्या ठोशाने जेमतेम पाऊल मागे पडतं, तोच ठोसा दीडशे टक्क्यांवर थेट पडद्याबाहेर फेकून देतो. लढाईची जागा बहुधा हवेत तरंगत असते. त्यामुळे हरायचं म्हणजे मरायचं नाही. बाहेर पडायचं आणि परत येता आलं नाही, की संपलं.

म्हणजे निम्मी लढाई परत येण्याची आहे! आणि खरी करामत पुढे आहे. खास डावांसाठी बटण एकच, ‘बी’. ते नुसतं दाबलं की एक डाव, बाजूच्या दिशेसोबत दुसरा, खाली तिसरा, वर चौथा. मारिओ असो, पिकाचू असो की आणखी कुणी, मूळ व्यवस्था हीच. ‘वर’चा डाव बहुतेकदा परत येण्यासाठी राखलेला. मारिओ मूठ उगारून नाणी उडवत झेपावतो, सॉनिक स्प्रिंगवरून उसळी घेतो, ‘मेटल गिअर’मधला गुप्तहेर स्नेक एका छोट्या ड्रोनला लोंबकळत वर येतो.

तर झालं काय, की जगातल्या कुठल्याही पात्रासाठी भरायला चार रिकामे रकाने मिळाले. चाहते याला ‘मूव्हसेट’ म्हणतात आणि वरच्या डावाला ‘अप-बी’. तुमचं आवडतं पात्र डोळ्यांपुढे आणा. त्याच्याकडे दूरवर फेकण्यासारखं काय आहे? अंगावर धावून जायला काय? आणि दरीत पडला तर तो वर येणार कसा? बघता बघता तुम्ही गेम डिझायनरचं काम करायला लागता. ज्यांनी आयुष्यात प्रोग्रॅमची एक ओळ लिहिलेली नाही, अशी माणसं एखाद्या पात्राचे सगळे डाव, त्याचं वजन, त्याचा वेग आणि जिंकल्यावरची ऐट तपशिलात लिहून काढतात. गेमचं हे साधं व्याकरणच त्यांना हे शिकवून गेलं.

साकुराई यांचंही काम शेवटी हेच आहे. ‘ॲनिमल क्रॉसिंग’मधला गावकरी त्यांनी २००८ च्या स्मॅशसाठी विचारात घेतला होता. झाडं लावणारा, मासे पकडणारा, शेजाऱ्यांना पत्रं लिहिणारा हा जीव मारामारीला योग्य नाही, म्हणून तो तेव्हा बाहेर राहिला. २०१४ च्या गेममध्ये मात्र तो आला, आणि आला तो काय थाटात! रोप लावतो, पाणी घालतो, झाड वाढलं की कुऱ्हाडीने तोडून समोरच्याच्या डोक्यावर पाडतो. दरीत पडला तर दोन फुग्यांच्या बळावर वर येतो. आणि समोरून आलेला बाण किंवा आगीचा गोळा तो अलगद उचलून चक्क खिशात घालतो आणि सवडीने परत फेकतो! मूळ गेममध्ये तो दिवसभर हेच तर करत असतो, सापडेल ते खिशात टाकत हिंडतो. स्वभावात एका रेघेचाही फरक न करता त्याचा लढवय्या केला. ‘हे पात्र लढणारं नाही’ हे वाक्य त्या दिवशी कायमचं निकालात निघालं.

हे वेड मुळात लागलं कसं? पहिला स्मॅश जपानमध्ये जानेवारी १९९९ मध्ये आला. त्याचा पहिला नमुना तयार झाला तेव्हा त्यात मारिओ नव्हताच; बिनचेहऱ्याचे पुतळे लढत होते. आराखडा साकुराई यांचा. प्रोग्रॅम लिहिला तो सातोरू इवाता यांनी, शनिवार-रविवारी. हे इवाता तेव्हा साकुराई काम करत त्या एचएएल लॅबोरेटरीचे अध्यक्ष होते! पुढे पुतळ्यांच्या जागी निन्टेन्डोची ओळखीची पात्रं आली. एकूण बारा. त्यातली आठ समोर आणि चार लपवलेली.

ती चार लपवली आणि आशेचं बी पेरलं गेलं. चार लपलेली असतील, तर पाचवं कशावरून नसेल? २००१ च्या पुढच्या स्मॅशमध्ये, म्हणजे ‘मेली’त, लपलेल्यांची संख्या वाढली. आणि २००२ च्या एप्रिलमध्ये एका अमेरिकी गेमिंग मासिकाने छापलं, की ‘क्रूएल मेली’ या महाकठीण प्रकारात वीस शत्रू पाडले की सॉनिक आणि त्याचा सोबती टेल्स प्रकट होतात. सॉनिक, म्हणजे निन्टेन्डोच्या जुन्या प्रतिस्पर्धी सेगाचा लाडका! लोक अंगठे दुखेपर्यंत खेळले. अर्थात ते एप्रिल फूल होतं. पण यातली गंमत पुढेच आहे: २००८ च्या स्मॅशमध्ये, म्हणजे ‘ब्रॉल’मध्ये, सॉनिक खरोखर आला. त्याच्याबरोबर स्नेकही आला, कारण त्याचे जनक हिदेओ कोजिमा यांनी स्वतः साकुराईंना गळ घातली होती. दुसऱ्यांच्या घरची पात्रं येऊ शकतात हे एकदा कळल्यावर आशेला कुंपणच राहिलं नाही.

नाही म्हणायला एक कुंपण आहे: पात्र व्हिडिओ गेममध्येच जन्मलेलं हवं. म्हणून ‘ड्रॅगन बॉल’चा गोकू कितीही मागितला तरी येत नाही, तो कॉमिकचा. हा नियम आडमुठा वाटतो, पण त्याच्यावाचून या खेळाचा नुसता बाजार झाला असता, असं माझं मत आहे.

नियमात बसलं, मूव्हसेट जमला, तरी मालकीचा प्रश्न उरतोच. ही तर लग्नाची पंगत! कुणाला आवतण, कुणाचा मान, कोण कोणासोबत आणि काय आहेर घेऊन येणार, सगळं आधी ठरावं लागतं. ‘फायनल फँटसी ७’चा क्लाउड २०१५ मध्ये आला तो सोबत जेमतेम दोन सुरावटी घेऊन. बॅन्जो हे अस्वल आणि काझूई ही पक्षीण यांची जोडी १९९८ मध्ये निन्टेन्डोच्याच कन्सोलवर जमली. पण त्यांना घडवणारी रेअर ही कंपनी २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि माहेरची पोरं प्रतिस्पर्ध्याच्या घरची झाली. जून २०१९ मध्ये ती परत येत असल्याचं एका ट्रेलरने जाहीर केलं. त्या ट्रेलरमध्ये डाँकी काँग, त्याचा सोबती डिडी आणि मगर राजा के. रूल झाडावरच्या घरात निवांत बसलेले दिसतात आणि खिडकीबाहेर बॅन्जोच्या गेममधला सोनेरी तुकडा उड्या मारत जातो. ज्यांनी लहानपणी तो तुकडा गोळा केला होता, त्यांना पुढचं काही दाखवायची गरजच नव्हती.

आणि आता सगळ्यात मोठं नवल. १ एप्रिल ते ३ ऑक्टोबर २०१५ या काळात निन्टेन्डोने जगभरातून मतं मागवली: स्मॅशमध्ये कोण हवं? कुणीही, कुठल्याही गेममधलं. डिसेंबरमध्ये जाहीर झालं, की ‘बेयोनेटा’ येणार. पण जाहीर करताना शब्द फार जपून वापरले होते. ज्यांच्याबद्दल बोलणी शक्य आहेत आणि जी प्रत्यक्षात आणता येतील अशा पात्रांमध्ये ती जगात पहिली, असं सांगितलं गेलं. मग शक्य नसलेल्यांमध्ये पहिलं कोण? मतांची यादी कधीच छापली नाही. लोक त्या एका वाक्याचा कीस पाडत बसले.

उत्तर मिळालं ५ ऑक्टोबर २०२१ ला. तोवर पुढचा गेम ‘स्मॅश अल्टिमेट’ येऊन जवळपास तीन वर्षं झाली होती आणि आता शेवटचा लढवय्या जाहीर होणार होता. मारिओने एक ठिणगी वर भिरकावली, उजेडात कुलुपाचं भोक उमटलं आणि भलीमोठी किल्ली हातात घेऊन ‘किंगडम हार्ट्स’चा सोरा बाहेर आला. मग साकुराई यांनी शांतपणे सांगून टाकलं, की त्या मतदानात पहिला होता तो हाच!

सहा वर्षं त्यांनी हे पोटात ठेवलं होतं. आणि अडचण कसली, तर सोरा जन्माने गेममधलाच, २००२ चा. पण त्याच्या जगात डोनाल्ड डक आणि गूफी हिंडतात, म्हणजे गाठ डिस्नेशी. साकुराई यांनाही हे होईल असं वाटत नव्हतं. पुढे एका पुरस्कार सोहळ्याच्या ठिकाणी डिस्नेच्या एका अधिकाऱ्याची योगायोगाने भेट झाली, त्यांनी सोराबद्दल अनुकूलता दाखवली आणि तिथून बोलणी सुरू झाली. अगणित लोकांनी मतं दिली आणि दार उघडलं ते एका गाठभेटीने! डोनाल्ड-गूफी मात्र आले नाहीत. मिकीची खूण उरली ती सोराच्या किल्लीला लोंबणाऱ्या साखळीच्या टोकावर, एवढीशी.

रिडलीचं काय झालं? १२ जून २०१८ ला तो येणार हे जाहीर झालं. पाठीत वाकून, पंख आवरून, पण रिडलीच. ट्रेलरमध्ये तो मारिओची टोपी उचलून मिरवतो. दोन महिन्यांनी राजा के. रूल आला, तेव्हा तर कर्त्यांनी चाहत्यांची उघड थट्टा केली. आधी त्याची सावली दाखवली, मग कळलं की तो के. रूलचं सोंग घेतलेला दुसराच लढवय्या, किंग डिडीडी, आहे. आणि डिडीडी खिदळत असताना मागून खरा के. रूल येऊन त्याला उडवतो.

एखाद्या हट्टाची किंमत काय असते ते ‘माइनक्राफ्ट’च्या स्टीवने दाखवलं. तो जमीन खणतो आणि ठोकळे रचतो. खणायचं म्हणजे पायाखाली काय आहे हे गेमला कळायला हवं, माती की लाकूड की लोखंड. म्हणून शंभराहून जास्त रणभूमी, एकूण एक, पुन्हा दुरुस्त कराव्या लागल्या. एका पात्रासाठी! २०२० च्या ऑक्टोबरमध्ये तो जाहीर झाला तेव्हा लोक त्याच्या चौकोनी डोक्याला हसले. मला त्या जमिनींचा विचार करून घाम फुटला.

शेवटी लढवय्ये झाले ८९. तरी ‘आमचा माणूस’ राहिलेले लोक आहेतच, आणि त्यात वालुईजीचे चाहते सगळ्यात जोरात. हा किडमिडीत, वाकड्या मिशांचा इसम २००० च्या ‘मारिओ टेनिस’साठी जन्मला, कारण त्यातल्या वारिओ या पात्राला दुहेरीत जोडीदार हवा होता. स्वतःच्या नावाचा गेम त्याला कधी मिळाला नाही. स्मॅशमध्ये तो दिसतो, पण ॲसिस्ट ट्रॉफी म्हणून, म्हणजे कुणी बोलावलं की यायचं, लाथा घालायच्या, रॅकेट फिरवायची आणि निघून जायचं. त्याचे तीन रकाने चाहत्यांनी केव्हाच भरून टाकलेत. राहिला अप-बी. तर ‘मारिओ पॉवर टेनिस’मध्ये हा गडी लांबचा चेंडू गाठायला कोर्टावर चक्क पाणी आणतो आणि पोहत जातो. मग दरीतून वर येताना हवेत पोहायला त्याला काय अडचण आहे, असा त्यांचा साधा सवाल आहे.