माळरानावरची विजेची मोटारसायकल

चाळिशी उलटलेल्या गृहस्थाने नवी मोटारसायकल घेतली तर शेजारी पेढे मागतात. परंतु ती रस्त्यासाठी नसून माळरानावर, मुरमाच्या चढांवर आणि चिखलात घालण्यासाठी आहे असे कळले, की तेच शेजारी घरच्या मंडळींकडे सहानुभूतीने पाहू लागतात. विजेवर चालणाऱ्या डर्ट बाईकने हा मोह अधिकच सोपा केला आहे. क्लच नाही, गिअर नाहीत, किक मारणे नाही, धूर नाही. मूठ पिळली की गाडी चालली. हे सोपेपण खरे आहे. मात्र प्रौढ नवशिक्याला जो अपाय होतो, तोही पुष्कळदा ह्या सोपेपणातूनच होतो, आणि आज मला मुख्यतः त्याविषयीच बोलावयाचे आहे.

प्रथम मोटरचा स्वभाव पाहू. पेट्रोलचे एंजिन संथ फिरत असताना अशक्त असते. त्याचा वेग वाढेल तसा त्याचा जोर वाढतो. ह्या उणिवेसाठीच क्लच आणि गिअर ह्यांची योजना झाली. विजेच्या मोटरचे उलट आहे. ती फिरू लागली म्हणजे काही अंशी जनित्राप्रमाणे वागते आणि बॅटरीच्या दाबाला विरोध करणारा उलटा विद्युद्दाब तिच्यात उत्पन्न होतो. वेग वाढेल तसा हा विरोध वाढतो. गाडी उभी असताना तो मुळीच नसतो, म्हणून चाक फिरवण्याची जास्तीत जास्त ताकद मोटरला अगदी पहिल्या क्षणीच मिळू शकते. तिला आवर घालतो तो कंट्रोलर नावाचा विद्युत्‌ नियंत्रक, आणि कंट्रोलरला हुकूम देते ती आपली उजवी मूठ.

आता ही मूठ नवख्या हातात आहे असे समजा. ती गरजेपेक्षा थोडी जास्त पिळली जाते. गाडी झटक्यासरशी पुढे जाते, परंतु वरचा माणूस जडत्वामुळे मागे राहतो. मागे पडताना तो हँडल घट्ट धरतो आणि स्वतःच्या देहभारानेच मूठ आणखी पिळतो. गाडी आणखी जोराने सुटते. माणूस पडेपर्यंत हा प्रकार चालू राहतो. त्याला एक-दोन सेकंदही पुरतात. पेट्रोलच्या गाडीत अशा वेळी डाव्या हाताने क्लच दाबला तर चाकाची ताकद तुटते. विजेच्या बहुतेक गाड्यांत ती सुटकेची वाट नाही. डाव्या हाताला जो दांडा असतो तो, सायकलप्रमाणे, मागच्या ब्रेकचा असू शकतो. ज्यांनी वीस वर्षे रस्त्यावर गिअरची मोटारसायकल चालवली आहे, त्यांनी हा फरक विशेष ध्यानात घ्यावा, कारण त्यांचा डावा हात जुन्या सवयीने क्लच शोधतो आणि उजवा पाय नसलेला ब्रेक शोधतो. अनुभवी माणसाला येथे नव्यापेक्षा अधिक विसरावे लागते.

ह्यावर उपाय साधे आहेत. बसताना वा उभे राहताना अंग किंचित पुढे झुकलेले असावे. मनगट मुठीच्या पातळीखाली ठेवावे, म्हणजे अंग मागे गेले तरी मूठ फारशी पिळली जात नाही. एक बोट सदैव ब्रेकवर असावे. ह्यांहून महत्त्वाचे म्हणजे गाडी सर्वांत सौम्य मोडवर लावावी आणि निदान पहिले काही आठवडे ती तेथेच राहू द्यावी. पेट्रोलच्या एंजिनाचा स्वभाव असा बटणाने सहसा बदलता येत नाही. विजेच्या गाडीचा हा मोठाच गुण होय.

सौम्य मोड म्हटले की प्रौढ माणसाचा अभिमान दुखावतो, म्हणून दोन आकडे सांगतो. चीनमधील सुर-रॉन कंपनीची ‘लाइट बी’ ही गाडी वजनाने ५० ते ६० किलोंच्या दरम्यान आहे. ती पडली तर एकट्या माणसाला उचलता येते. उलट, स्पेनमधील स्टार्क कंपनीने डिसेंबर २०२१ मध्ये ‘वार्ग’ ही शर्यतीची गाडी जाहीर केली, तेव्हा निर्मात्यांनी तिचे वजन ११० किलो आणि ताकद ८० अश्वशक्ती सांगितली होती. आपल्या परिचयाची स्प्लेंडर जवळजवळ तेवढ्याच वजनाची आहे, पण तिची ताकद सुमारे ८ अश्वशक्ती आहे. दहापट जोराची गाडी शिकाऊ माणसाने घेऊ नये, हे मी शाळेतल्या मुलांना त्रैराशिक घालून पटवीन; मोठ्यांना पटवणे कठीण जाते.

दुसरी गोष्ट आवाजाची. पेट्रोलची गाडी चालू आहे की बंद, हे कानाला कळते. विजेची गाडी उभी असताना मुकी असते. चालू गाडी हाताने ढकलताना, उतरताना, किंवा कौतुकाने पाहायला आलेल्या भाच्याने मूठ चाचपताना ती उडी घेते, आणि गाडी चालवण्याआधीच अपघात होतो. म्हणून पाय जमिनीला लावून उतरण्यापूर्वी किल्ली किंवा बटण बंद करणे हा पहिला धडा. काही गाड्यांना मनगटाला बांधावयाची दोरी असते. ती निसटली की विजेचा प्रवाह तुटतो. ती असल्यास अवश्य बांधावी. तथापि ह्या शांततेचा एक लाभही आहे. मैदानाच्या कडेला उभा असलेला शिकवणारा ‘मान वर!’ म्हणून ओरडला तर ते ऐकू येते, आणि मुरमावर टायर घसरू लागल्याचा खरखर आवाज घसरण्यापूर्वीच सावध करतो.

पोशाखाविषयी थोडक्यात. तोंड झाकणारे हेल्मेट, डोळ्यांना गॉगल, हातमोजे, गुडघ्यांचे व छातीचे कवच. परंतु पैसे मोजके असतील तर हेल्मेटनंतर बुटांवर खर्च करावा. नवशिका तोल जाताच पाय बाहेर टाकतो, आणि साध्या बुटात घोटा मुरगळतो किंवा गाडीखाली सापडतो. पडताना हात पसरून जमिनीला टेकू नये असे सांगणे सोपे आहे, पण हात आपोआप पसरतो. मनगटाची आणि गळ्याजवळची हाडे अशीच मोडतात. मुलाचे हाड लवकर सांधते, चाळिशीनंतर फळ्यावर लिहिणारा हात सहा आठवडे गळ्यात राहिला तर काय होते ते निराळे सांगावयास नको.

पहिल्या दिवशी सपाट, मोकळी जागा निवडावी. फूटरेस्टवर उभे राहावे, गुडघे किंचित वाकलेले, कोपरे बाहेर, गाडी गुडघ्यांनी धरलेली, हातांनी नव्हे. नजर पुढच्या चाकावर नको; जेथे जावयाचे तेथे हवी. चाक नजरेमागून जाते. मग दोन दगड ठेवून त्यांभोवती इंग्रजी आठाचा आकडा काढावा, चालण्याच्या वेगाने. हे काम वेगाने जाण्यापेक्षा अवघड आहे, आणि मूठ तोळ्यामाशाने पिळण्याची विद्या येथेच येते. त्यानंतर ब्रेक. सैल मातीवर पुढचा ब्रेक एकदम आवळला की चाक सरकते. तो हळूहळू दाबावा आणि प्रत्येक वेळी थोडा अधिक. वीस मिनिटांनी थांबावे. त्या सुमारास कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू ताठरतात, आणि ताठरलेल्या हाताला मूठ नेमकी आवरत नाही.

बॅटरीचे शास्त्र मोठे आहे, पण व्यवहार लहान. ‘लाइट बी’सारख्या गाडीच्या बॅटरीत सुमारे २ युनिट वीज मावते. सपाटीवर ती बराच वेळ पुरते. चिखल, वाळू आणि चढ ह्यांत लवकर संपते. म्हणून निम्मी उरली की परतीची वाट धरावी. उन्हातून आणलेली तापलेली बॅटरी थंड होऊ देऊन मगच चार्जरला लावावी, कंपनीचाच चार्जर वापरावा, आणि रात्रभर जिन्याखाली किंवा बाहेर पडण्याच्या दारापाशी ती चार्जिंगला लावून झोपू नये. पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली वा पूर्ण रिकामी ठेवू नये. निम्म्याच्या आसपास ठेवावी.

शिकवणारा मिळाला तर वर्षाचे काम महिन्यात होते. २०१५ मध्ये डाकार शर्यत पूर्ण करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष ह्यांनी बंगळूरजवळ कोलार भागात मातीवरील मोटारसायकलीच्या शिक्षणासाठी मैदान उभे केले. असे मैदान सर्वांना जवळ नसते, म्हणून बेळगाव-खानापूर किंवा गोव्याकडील मंडळी मोकळा माळ शोधतात. येथे कायदा स्पष्ट आहे. २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या विद्युत्‌ दुचाकीला नोंदणीतून सूट आहे. ह्या गाड्या त्यात बसत नाहीत, आणि नोंदणी नसलेली गाडी गावच्या रस्त्यावरूनदेखील चालवता येत नाही. ती टेम्पोत घालून न्यावी. भीमगड आणि म्हादई ही अभयारण्ये आहेत. तेथे परवान्यावाचून चाक घालू नये, आणि गोव्याच्या समुद्रकिनाऱ्यावर वाहन नेण्यास मनाई आहे.

राहता राहिली खाजगी जमीन. मालकाची परवानगी घ्यावी, आणि त्याबरोबर गुरे कोणत्या वेळी कोठे चरतात हेही विचारून घ्यावे. पेट्रोलच्या गाडीचा आवाज ऐकून म्हैस दुरूनच बाजूला होते. ही गाडी अगदी जवळ येईपर्यंत तिला कळत नाही, आणि मग ती कोणत्या बाजूला बुजेल हे तिलाही ठाऊक नसते. गुरे दिसताच गाडी थांबवावी, बंद करावी आणि राखणाऱ्याला हाक घालावी.