पाठचा भाऊ

गोंदिया शहराजवळचं नागरा हे गाव प्राचीन शिवमंदिरामुळे ओळखलं जातं. समजा, या गावात दोन भावंडं आहेत. मुलगी सात वर्षांची आणि तिचा पाठचा भाऊ दीड वर्षाचा. आईबाप राहिले नाहीत. ही दोघं मी कल्पिली आहेत, कारण बालन्याय कायद्याचं कलम ७४ खऱ्या मुलांची ओळख उघड करू देत नाही, आणि ते योग्यच आहे.

अशा वेळी बहुधा आजी किंवा मामा पुढे येतात. राज्याची बालसंगोपन योजना त्यांना दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये देते. पूर्वी ही रक्कम १,१०० होती. पण आजी थकलेली असली आणि मामाचंच भागत नसलं, तर दोघं जिल्ह्याच्या बालकल्याण समितीसमोर येतात. मोठीच्या कडेवर धाकटा असतो. त्यांचं पुढे काय होणार हे खरं तर इथेच ठरतं.

बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ३९ मध्ये एक परंतुक आहे. संस्थेत असोत वा कुटुंबात, भावंडांना एकत्र ठेवण्यासाठी सर्व प्रयत्न करावेत. वेगळं ठेवणं त्यांच्याच हिताचं असेल तरच अपवाद. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांचाही सूर हाच आहे.

पण त्याच कायद्याचं कलम ३८ वाचताना मी थबकले. मूल समितीसमोर आल्यापासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्याला चार महिन्यांत दत्तकासाठी मुक्त घोषित करायचं. बाळाला लवकर घर मिळावं, हा हेतू चांगला आहे. पण म्हणजे एकाच आईच्या पोटच्या दोघांची घड्याळं वेगळी चालतात. धाकटा दोन महिन्यांत मोकळा होऊ शकतो, बहीण मात्र अजून चौकशीत. आणि दीड वर्षाच्या निरोगी मुलाची वाट पाहणारी जोडपी देशभर आहेत, सात वर्षांच्या मुलीची फार थोडी. बहिणीसाठी भावाला थांबवावं का? थांबवलं तर त्याचं हक्काचं घर हातचं जाईल का? हा प्रश्न खोटा नाही, आणि समितीच्या सदस्यांना मी त्यासाठी दोष देणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की ताटातूट करायचीच असेल तर ती या दोघांच्या हिताची कशी, हे आदेशात सविस्तर लिहिलं गेलं पाहिजे. ‘दोघांना घेणारं कुणी मिळालं नाही’ ही अडचण झाली, मुलांचं हित नव्हे.

यानंतरचा टप्पा दत्तक आदेशाचा. कायद्याच्या मूळ व्याख्येत ‘न्यायालय’ म्हणजे दिवाणी न्यायालय. त्यात जिल्हा न्यायालय आणि कौटुंबिक न्यायालयही येतं. १ सप्टेंबर २०२२ पासून मात्र हा आदेश जिल्हाधिकारी देतात. नागऱ्याच्या मुलांचा आदेश आता गोंदियाच्या जिल्हाधिकाऱ्यांचा आणि त्यावरचं अपील नागपूरच्या विभागीय आयुक्तांकडे. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपल्यापुढची प्रलंबित प्रकरणं जिल्हाधिकाऱ्यांकडे वर्ग करायला अंतरिम स्थगिती दिली होती. आदेश कुणीही देवो, मुलाचं वय आणि समज पाहून त्याची इच्छा विचारात घेणं कलम ६१ नुसार बंधनकारक आहे. सात वर्षांच्या मुलीला विचारलं तर ती पहिल्यांदा कुणाचं नाव घेईल, हे सांगायला नको.

दोघी बहिणी असत्या तर? १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानुसार मुलगी असलेल्याला दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही, मुलगा असलेल्याला मुलगा. म्हणजे दोन बहिणी किंवा दोन भाऊ एका घरी जाण्याची वाटच त्या कायद्यात बंद. २००० च्या बालन्याय कायद्याने ती उघडली आणि २००९ मध्ये न्या. धनंजय चंद्रचूड यांनी मुंबई उच्च न्यायालयात दोन्ही कायद्यांचा मेळ घालून, पोटची मुलगी असलेल्या दांपत्यालाही मुलगी दत्तक घेता येते असा निर्णय दिला. एक कडी अजून आहे. बालन्याय कायद्यानुसार एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही, म्हणजे बहीणभावाची जोडीही नाही.

देशात साठ दिवसांत घर मिळालं नाही, तर परदेशाचा रस्ता खुला होतो आणि तिथे भावंडांना प्राधान्य देता येतं. त्यामुळे दोघं एकत्र राहू शकतात, ही मोठी गोष्ट. पण झाडीबोली बोलणारी मुलगी परक्या देशात उतरते, तेव्हा तिची बोली कानावर पडलेलं तिथलं एकच माणूस उरतं, तिचा भाऊ. त्यालाही ती बोली अजून नीट यायची असते. त्याला शिकवणारी तीच.

आणि वेगळे झाले तर? कलम ६३ नुसार दत्तक आदेश लागू होताच जन्माच्या कुटुंबाशी असलेली मुलाची नाती कायद्याने तुटतात. भाऊही त्यातच. इंग्लंडमध्ये दत्तकानंतरही रक्ताच्या नातेवाइकांच्या भेटीगाठींचा आदेश न्यायालय देऊ शकतं. २०१४ पासून तशी स्वतंत्र तरतूद आहे. आपल्या कायद्यात भावंडांच्या भेटीसाठी असं कलम नाही. एक ओळ घालायला काय हरकत आहे? वर्षातून दोनदा भेट, एखादं पत्र, दोन्ही घरांच्या संमतीने एक फोन. नागऱ्याची ती मुलगी अठरा वर्षांची होईल, तेव्हा भाऊ साडेबारा वर्षांचा असेल, आणि तिला कडेवर घेतलेलं त्याचं वजन आठवत असेल.