घोंगडीची ऊब



दिवाळी सरली आणि शेतांतील पिके निघाली, की निपाणी, चिकोडी व हुक्केरी ह्या भागांतील वाटांवर मेंढरांचे कळप दिसू लागतात. पुढे खांद्यावर घोंगडी टाकलेला धनगर, मागे घोड्याच्या पाठीवर लादलेला सारा संसार, त्या ओझ्यावर बसविलेले एखादे मूल, आणि सर्वांच्या मागे राखणीचे कुत्रे. आपण क्षणभर थांबून त्यांना वाट देतो व पुढे निघून जातो. परंतु कुटुंब, ऋतू आणि कृतज्ञता ह्यांचे नाते ह्या लोकांच्या जीवनात जितके उघड दिसते, तितके क्वचितच अन्यत्र दिसते. म्हणून आज त्यांच्याविषयी चार शब्द लिहीत आहे.

धनगराचे पंचांग त्याच्या मेंढरांच्या पायांत असते. पश्चिमेकडील मुसळधार पाऊस मेंढरांना सोसत नाही. चिखलाने खूर कुजतात व भिजलेली लोकर सुकत नाही. म्हणून पावसाळ्यात पूर्वेकडील कोरडे माळ, आणि सुगीनंतर मोकळी झालेली राने, असा त्याचा वर्षभराचा क्रम. संध्याकाळी शेतकरी त्याला बोलावून आपल्या रानात 'बकरी बसवून' घेतो. आमच्या भागात मेंढरांना बकरीच म्हणतात. भोवती वाघर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, उभे राहते. रात्रभरात पडलेल्या लेंड्यांनी जमिनीचा कस वाढतो व त्या मोबदल्यात धनगराच्या घरी धान्य किंवा चार पैसे येतात. येथे दाता कोण आणि याचक कोण, हे सांगता येणार नाही. दोघेही एकमेकांचे ऋणी आहेत, आणि ते ऋण दोघांनाही जड वाटत नाही.

ह्याच माळांवर मराठी बोलणारा धनगर आणि कानडी बोलणारा कुरुब शेजारी शेजारी मेंढरे चारतात. एक घोंगडी म्हणतो, दुसरा कंबळी म्हणतो. एकाचा बिरोबा, दुसऱ्याचा बीरप्पा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या सीमेवरून मोठा वाद उठला व तो अद्याप मिटलेला नाही. मेंढरे मात्र दोन्हीकडचे गवत खात राहिली. आपल्याही कित्येक घरांत कोंकणी, मराठी आणि कानडी एकाच चुलीपाशी बोलल्या जातात. 'आपण कोण?' ह्या प्रश्नाचे उत्तर नकाशावर शोधू गेल्यास मन कष्टी होते. ज्यांनी आपल्याला वाढविले त्यांच्याकडे पाहिल्यास ते सहज सापडते.

निपाणीजवळच्या अक्कोळ गावी १८९२ साली धनगराच्या घरी जन्मलेले बाळूमामा १९६६ साली आदमापूर येथे निवर्तले. त्यांच्या मागे राहिलेले कळप वाढत वाढत आज हजारोंच्या संख्येने गावोगाव फिरत आहेत, आणि लोक आदराने त्यांना आपल्या रानात उतरवून घेतात. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडारा व खोबऱ्यासह लोकरही उधळली जाते. जे मेंढरापासून मिळाले त्यातील काही परत अर्पण करावे, ही त्यामागील भावना कोणालाही समजण्यासारखी आहे. सोंथायमर नावाच्या जर्मन विद्वानाने ह्या लोकांच्या देवतांच्या व ओव्यांच्या अभ्यासात आयुष्याची कित्येक वर्षे घालविली, ती उगाच नव्हे.

सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, नवाहो नावाचे असेच मेंढपाळ व विणकर लोक राहतात. ते स्वतःला 'दिने' म्हणजे 'माणसे' म्हणवितात. १८६४ साली सरकारी फौजेने त्यांना त्यांच्या भूमीतून हुसकावून शेकडो मैल पायी चालविले. वाटेत व छावणीत पुष्कळ माणसे मेली. १८६८ च्या तहाने ते परतले, आणि त्या तहात पंधरा हजार मेंढ्या-शेळ्या देण्याचे कलम होते! मेंढरू परत मिळाल्यावाचून त्या लोकांचे जीवन पुन्हा उभे राहणे कठीण होते. त्यांच्यात काही कथा केवळ हिवाळ्यातच सांगतात. बाळ पहिल्यांदा हसले, की ज्याने त्याला हसविले तो सर्वांना जेवू घालतो, आणि बाळाच्या चिमुकल्या हातून पाहुण्यांना मीठ दिले जाते. देण्याचा धडा तेथे बोलता येण्याच्या आधीच मिळतो.

आपल्या धनगरांपुढील संकट तलवारीचे नाही. ते अधिक मुकाट्याने येते. गायराने आक्रसली, माळांवर ऊस आणि इमारती उभ्या राहिल्या. गिरणीतील स्वस्त ब्लँकेटांपुढे दख्खनी मेंढीची राठ लोकर मागे पडली. आज कित्येक ठिकाणी लोकर कातरण्याची मजुरीसुद्धा तिच्या विक्रीतून निघत नाही व ती टाकून द्यावी लागते. त्यामुळे मांसासाठी वजनदार जातीची मेंढरे पाळण्याकडे ओढा वाढला, आणि लोकरीच्या मेंढीबरोबर सूत कातणाऱ्या हातांचे व सणगरांच्या मागांचेही काम कमी झाले. फिरस्त्या मुलांची शाळा बुडते. ती शिकली पाहिजेत, ह्यात शंका नाही. परंतु शिकलेल्या मुलाला बापाच्या खांद्यावरील घोंगडीची लाज वाटू लागली, तर त्या शिक्षणात काहीतरी उणे राहिले असे म्हणावे लागेल.

नाताळच्या रात्री तारणाऱ्याच्या जन्माची वार्ता प्रथम रानात कळप राखणाऱ्यांना मिळाली, हे आपण दरवर्षी ऐकतो. गव्हाणीत मातीचे मेंढपाळ मांडणाऱ्या कुटुंबांनी दारावरून जाणाऱ्या जिवंत मेंढपाळाला ओळखू नये काय? यंदा आपल्या गावाच्या शिवारात वाडा उतरला तर त्यांना विहिरीचे पाणी द्यावे. त्यांच्या मुलांना शाळेत बसू देण्याविषयी गुरुजींकडे शब्द टाकावा. घरात एक घोंगडी विकत घ्यावी. ती पुष्कळ वर्षे टिकते व पावसातही ऊब देते. आणि रात्री जेवणानंतर आजी-आजोबांना विचारावे, की आपले पूर्वज काय कमावून खात होते आणि कोणाच्या उपकारावर जगले. त्यांचे उत्तर मुलांच्या कानी पडले, म्हणजे कृतज्ञतेचा पाठ वेगळा द्यावा लागणार नाही.