सात घरांचें एक अंगण

एकत्र कुटुंब मोडलें तरी अंगणाची हौस सुटत नाहीं. पण बिऱ्हाडांनीं भरलेल्या वाड्यांत ज्यांनीं दिवस काढले आहेत त्यांस चौकाची दुसरी बाजूही ठाऊक असते. आपल्या घरांतील कुजबूज समोरच्या ओटीवर आधीं पोंचते! शेजार हवा आणि आडोसाही हवा; हें जमावें कसें?

नव्या मुंबईंत बेलापूर येथें चार्ल्स कोरिया यांच्या योजनेनुसार १९८३ ते १९८६ या काळांत झालेली वसाहत या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे. सुमारें आठ मीटर लांबरुंद चौकाभोवतीं सात घरें. असे तीन चौक मिळून एकवीस घरांचें बारा मीटरांचें मोठें अंगण. आणि वसाहतीच्या मधून वाहणारा ओढा. सात हा आंकडा मला मर्माचा वाटतो. सात घरांत एकमेकांच्या मुलांस नांवानें हांक मारतां येते. सत्तर घरांत पडलेलें मूल कोणाचें, हेंच आधीं विचारावें लागतें. शिवाय प्रत्येक घरास स्वतःचें उघडें आवार आहे. केस वाळवीत बसणाऱ्या सुनेनें चौकांतच बसलें पाहिजे असें नाहीं.

दोन घरांत सामाईक भिंत मात्र नाहीं. कुटुंब वाढलें कीं शेजाऱ्याच्या भिंतीस हात न लावतां घर वाढवावें, हा हेतु. लोकांनीं ही सवलत इतकी मनावर घेतली कीं उतरत्या कौलांचीं अनेक मूळ घरें जाऊन तेथें उंच काँक्रीटचीं घरें उठलीं, आणि त्यांच्या वरच्या खिडक्यांतून आतां शेजारचें आवार दिसतें.